उठताना श्वास सोडावा

जेलरोड, नाशिकरोड
१४ जुलै २०२५

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या आश्रमशाळेचे निवृत्त शिपाई गेणू परवा भेटावयास आले होते. त्यांच्याकडून कळले, की तू गंगापूर रोडवरच्या व्यायामशाळेतील नोकरी सोडून पेठला परतली आहेस आणि भाताच्या लावणीने कंबर धरलेल्या बायकांना ‘पिलाटेस’ नावाचा व्यायाम शिकवतेस. त्यांनी तो शब्द तीन वेळा तीन प्रकारे उच्चारला. मी शब्दकोश उघडला. त्यात तो मुळीच नाही. तुझ्या पाड्यावर दूरध्वनी लागत नाही, असेही ते म्हणाले. बरेच झाले. पत्रात माणसाला आपले वाक्य दोनदा तपासता येते.

गेल्या महिन्याभरापासून माझी कंबर दुखत आहे. हे पत्र मी उभ्याने, फडताळाच्या फळीवर कागद ठेवून लिहीत आहे. कारण एकदा बसलो की टेबल धरल्यावाचून उठता येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहून सांगितले, की खालच्या मणक्यांची वयोमानानुसार झीज झाली आहे, नस दबलेली नाही, शस्त्रक्रिया नको, स्नायू बळकट करा. कोणते स्नायू, हे विचारीपर्यंत पुढचा रुग्ण आत आला होता.

तुला कदाचित ठाऊक नसेल, फेब्रुवारीत तुझ्या काकूला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू दुर्बल झाली आहे. बुद्धी, वाणी आणि विनोद ही तिन्ही शाबूत आहेत. सकाळी तिला पलंगावरून गॅलरीतील खुर्चीत बसवावे लागते आणि दुपारी परत आणावे लागते. त्यासाठी बयाबाई नावाची एक सशक्त स्त्री येते, त्यामुळे त्याबाबत काळजी नाही.

काळजी आहे ती सुनीलची. आमचा मुलगा पुण्यात असतो, हे तुला माहीत आहे. तो दिवाळीस येणार आहे. “बाबा, तुम्हीच वाकून गेलात तर घरची व्यवस्था कोण पाहणार?” असे म्हणून त्याने एका शुश्रूषाकेंद्राची माहिती आणून ठेवली आहे. आई केंद्रात, मी त्याच्या घरी. मुलगा वाईट नाही. त्याला भीती वाटते, आणि भ्यालेला माणूस व्यवस्था करू लागतो. परंतु आमच्या विवाहास एक्कावन्न वर्षे झाली आहेत आणि या वयात भेटीच्या वेळा पाळून पत्नीला भेटणे मला जमणार नाही.

दिवाळीस तीन महिने आहेत. तेवढ्यात ही कंबर सरळ होईल किंवा कसे, एवढे कळव. उत्तर लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष असावे.

तुझा शुभचिंतक,
देवराम शंकर आहेर

•

पेठ
२१ जुलै २०२५

आदरणीय गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोस्टमनदादांनी भर लावणीत बांधावर आणून दिले. माझे हात चिखलाचे, म्हणून कुसाआत्याने पाकीट दातांनी फोडले. “काय लिव्हलंय मास्तरानं?” म्हणाली. मी म्हटले, कंबर दुखते. तर सगळ्या जणी भाताच्या आवणात, चिखलात उभ्या राहून हसल्या. “पोरांना ताठ बसा, ताठ बसा म्हनून हैरान केलं, आता सोताची वाकली व्हय!” रागावू नका, गुरुजी. मग त्याच म्हणाल्या, “चांगलं सांग गं त्याला. लय मायेचा मानूस हाय.”

काकूंचे वाचून वाईट वाटले. वसतिगृहातल्या आम्हा मुलींना त्या रविवारी केसांना तेल लावून द्यायच्या, ते मी विसरलेले नाही. बयाबाई आहेत हे वाचून जिवाला बरे वाटले.

पिलाटेस हे एका जर्मन माणसाचे आडनाव आहे, तेव्हा शब्दकोशाला दोष नको. आणि पाठ ताठ करणे हा त्याचा हेतूच नाही. पोटाच्या आत, खोलवर, कंबरेला पट्ट्यासारखा वेढून असलेला एक स्नायू असतो. तो जागा झाला, की पाठीवरचा भार वाटून घेतो. तो झोपलेला असला, की सगळे पाठीवर येते.

आधी एक सांगा. पायांत मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, यातले काही असेल तर व्यायाम नको, पुन्हा डॉक्टर. नसेल तर खुर्चीला धरून, एका गुडघ्यावर येत, सावकाश चटईवर उतरा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावले जमिनीवर. कमरेखाली तळहात जेमतेम सरकेल एवढी जागा राहू द्या. ती दाबायची नाही, वाढवायचीही नाही. नाकाने श्वास घ्या, बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्या. मग तोंडाने सावकाश सोडताना बेंबीखालचे पोट आत घ्या. किती आत? आमच्या बायकांना मी सांगते, लुगड्याचा ओचा खोचताना घेता तेवढे. तुम्ही धोतराच्या निऱ्या खोचताना घेता तेवढे. त्याहून काडीभर जास्त नाही.

हे जमले, की पोट तसेच ठेवून एक पाऊल वीतभर उचला, ठेवा, मग दुसरे. आठ वेळा. शेवटी पाठ जमिनीवरून एकेक मणका सोडवत वर न्या आणि तशीच एकेक मणका टेकवत खाली आणा. सहा वेळा. श्वास कुठेही कोंडायचा नाही. दुखले तर थांबायचे.

आणि सध्या वजन उचलायचे नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही.

तुमची विद्यार्थिनी,
योगिनी भोये

•

जेलरोड, नाशिकरोड
९ ऑगस्ट २०२५

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सोबत परत पाठवीत आहे. त्यातील अकरा चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. चूक ती चूक. परंतु वाक्यरचना स्वच्छ आहे आणि ओच्याची उपमा मला आवडली, हेही नमूद करतो.

मुंग्या अथवा बधिरपणा नाही. व्यायाम मी तुझे पत्र मिळाल्याच्या दिवसापासून एकही खाडा न करता करीत आहे. आठाने विशेष काही होणार नाही असे वाटल्यावरून चाळीस वेळा करतो. प्रत्येक वेळी मनातल्या मनात ‘सावधान’ म्हणतो, त्यामुळे पोट उत्तम आवळले जाते.

परिणाम विचित्र आहे. पहाटे सहाला व्यायाम केल्यावर कंबर मोकळी होते. चहा मी बसून घेऊ शकतो. मात्र दहा वाजेपर्यंत ती पुन्हा अशी धरते, की वाचनालयात जाताना वाटेत दोनदा थांबावे लागते. दुपारी तीननंतरही तोच प्रकार. यावरून व्यायामाचा प्रभाव चार तास टिकतो, असा निष्कर्ष मी काढला आहे. तो दिवसभर टिकावा, यासाठी संख्या साठ करावी काय?

वजन उचलण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

काकू तुला आशीर्वाद सांगते. गॅलरीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. धूर कोणत्या दिशेला गेला यावरून ती वाऱ्याची बातमी देते, आणि ती बहुधा खरी असते.

शुभचिंतक,
दे. शं. आहेर

•

पेठ
१६ ऑगस्ट २०२५

आदरणीय गुरुजींना नमस्कार.

साठ नको, चाळीसही नको. आठ म्हणजे आठ! मी शाळेत पाढे चाळीस वेळा लिहून आणले असते तर तुम्ही शाबासकी दिली असती, पण हा पाढा नाही. आणि ‘सावधान’ तर बिलकूल नको. सावधानमध्ये माणूस श्वास कोंडतो. मला सैल, चालता श्वास हवा आहे.

तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. सहाला बरे आणि दहाला दुखते, तर मधे काहीतरी घडते. पुन्हा दुपारी तेच. त्या वेळी तुम्ही काय करता? पुस्तकांच्या पेट्या तर हलवत नाही ना? तुमचा संग्रह मला आठवतो. गुरुजी, ते ओझे आता कशाला? कुणाला तरी देऊन मोकळे व्हा.

कुसाआत्या म्हणते, “गवताचा भारा कुनी एकट्यानं डोईवर घेत नाय. एकीनं द्यायचा, एकीनं घ्यायचा. एकटी घेईल तिची कंबर जानारच.” आमच्याकडे भारा द्यायला कुणी नसेल तर बाई वाटेवर थांबून राहते, पण एकटी उचलत नाही. तुम्ही काही उचलत असाल तर खरे लिहा.

योगिनी

•

जेलरोड
१२ सप्टेंबर २०२५

चि. योगिनी,
आशीर्वाद.

अक्षर वाकडे आहे, समजून घे. उजवा हात चालतो, पण डाव्याने कागद धरता येत नाही. त्यावर अडकित्ता ठेवला आहे. तो घसरला की ओळ घसरते.

तुझ्या शेवटच्या पत्राला यांनी उत्तर दिले नाही. पत्र पंचांगात ठेवले आहे. सारखे काढून वाचतात आणि परत ठेवतात. ‘ते ओझे आता कशाला? कुणाला तरी देऊन मोकळे व्हा’ या ओळीशी थांबतात. तू पुस्तकांचे लिहिलेस, तुझी काही चूक नाही. पण पेटीत पुस्तके नाहीत गं. ते ओझे मी आहे. बावन्न किलो.

बयाबाईला यांनी जूनमध्येच घालवली. कारण ऐकशील तर हसशील. ती मला “चल गं म्हातारे, ऊठ” म्हणायची. मला त्यात माया वाटायची. हे म्हणाले, “आमच्या घरात असे संबोधन चालणार नाही.” तीही काही कमी नाही. म्हणाली, “मंग तुम्हीच उचला, मान देऊन!” तेव्हापासून हे मला मान देऊन उचलतात आणि कंबर मोडून घेतात. मधे दोन बायका ठेवल्या. एकीने मला हाताला धरून ओढले, दुसरी फोनवर बोलत उचलायची. दोघींना काढले ते मात्र बरोबर केले. सुनीलला वाटते, बयाबाई येते. तुला तेच लिहिले असणार.

कसे उचलतात सांगू? समोर उभे राहतात, माझ्या दोन्ही काखांत हात घालतात, डोळे मिटतात, श्वास कोंडतात आणि पोते उचलावे तशी उचलतात. मला बजावतात, “तू काही करू नकोस.” मी काही करत नाही. माझ्या काखा दुखतात, ते मी सांगत नाही. त्यांची कंबर दुखते, ते ते सांगत नाहीत.

गौरी आणायच्या दिवशी सकाळी त्यांची कंबर मधेच धरली आणि आम्ही दोघे हळूहळू घसरत जमिनीवर बसलो. लागले नाही. पण उठता येईना. मी म्हटले, शेजाऱ्यांना हाक मारा. म्हणाले, “सुनीलला कळेल.” सव्वा तास बसलो. मग त्यांनी तिथेच तुझा श्वास सुरू केला, ओचा खोचल्यासारखा. बघून मीही केला. करता करता माझ्या उजव्या पायात बळ आल्यासारखे वाटले. मी तो पलंगाच्या पायाला लावला आणि श्वास सोडत रेटला. दोघे वर आलो. हे म्हणाले, “देवाने उठवले.” पण योगिनी, पाय माझा होता.

मला केंद्रात जायचे नाही. तिथे मला उचलायला पुष्कळ माणसे असतील, पण मला आता उठायचे आहे. ते तू शिकव. मी लिहिल्याचे त्यांना कळू देऊ नकोस आणि त्यांचा मान राहील असे लिही.

हे पत्र बयाबाई टाकेल. हे अकराला वाचनालयात गेले की ती येते. आम्ही लसूण सोलत बसतो.

तुझी काकू,
ज्योत्स्ना

•

पेठ
१८ सप्टेंबर २०२५

आदरणीय गुरुजींना नमस्कार.

तुमचे उत्तर आले नाही, म्हणून मीच पुढचा भाग पाठवते. पेट्यांचे मी उगीच लिहिले. न बघता बोलले, माफ करा.

आतापर्यंतचे व्यायाम एकट्याचे होते. आता जे शिकवायचे आहे त्याला दोन माणसे लागतात आणि त्यातले एक पलंगाच्या कडेवर बसलेले लागते. काकू तयार होतील का, विचारा. झटक्यानंतर त्यांनाही पोटाच्या त्याच स्नायूची गरज आहे. त्यांच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारून घ्या.

बसलेल्या माणसाने पुढे सरकून कडेवर यायचे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे वाकायचे. वाकल्यावाचून कुणालाच उठता येत नाही, आपण ते विसरलेलो असतो. मग श्वास सोडत बळकट पायाने जमीन रेटायची. मदत करणाऱ्याने समोर नाही, दुबळ्या बाजूला उभे राहायचे. आपले गुडघे वाकवायचे, कंबर नाही. काखेत हात घालायचा नाही, दुबळा हात ओढायचा तर कधीच नाही. कमरेला घट्ट पंचा बांधून तो मागून धरायचा. धरायचा, गुरुजी. उचलायचा नाही. श्वास दोघांनी एकदम सोडायचा.

हे पत्र वाचून करून बघू नका. हे वाचून शिकायचे नाही, पाहून शिकायचे आहे. २८ तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी येते. पहिल्या वेळी तिसरे माणूस जवळ लागेल, आणि ते काकूंच्या सवयीचे हवे. तेवढे बयाबाईंना त्या दिवशी थांबवून घ्या.

योगिनी

•

जेलरोड, नाशिकरोड
२४ सप्टेंबर २०२५

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू मागितलेली एक गोष्ट माझ्याजवळ नव्हती, म्हणून हे पत्र. बयाबाई आमच्याकडे येत नव्हत्या. जूनपासून तुझ्या काकूला मीच उचलत होतो. पहिल्या पत्रात मी तुला असत्य लिहिले आणि दुसऱ्यात ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहून ते झाकले. चुकीला लाल शाई लावणाऱ्याने हे करावयास नको होते.

त्यांना का काढले, ते सांगताना मला आज लाज वाटते, म्हणून तेवढे राहू दे. काल त्यांच्या घरी गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

“काय गुरुजी, बोलायचं लिहून आनलंय का?”

“नाही.”

“मंग बोला की.”

मार्गभर जुळवलेली तिन्ही वाक्ये मला सापडेनात. “बयाबाई, या,” एवढेच म्हणालो.

त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. “म्हातारीला म्हातारी म्हनू का नको?”

“तिला विचारा,” मी म्हणालो. “ती सांगेल तसे.”

“तिला इचारलंय मी. कवाच.” असे म्हणून त्या हसल्या. कधी विचारले, हे मी विचारले नाही. आमच्या घरी लसूण अलीकडे नेहमी सोललेला का असतो, याचा उलगडा मात्र मला वाटेत झाला.

रविवारी अवश्य ये. डॉक्टरांनी अनुमती दिली आहे. तुझे पत्र मी काकूला मोठ्याने वाचून दाखवले. ‘धरायचा, उचलायचा नाही’ येथे तिने ते परत वाचावयास सांगितले.

शुभचिंतक,
दे. शं. आहेर

•

जेलरोड, नाशिकरोड
२७ ऑक्टोबर २०२५

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळी पार पडली. वृत्तान्त तुला द्यावयास हवा.

तू त्या रविवारी शिकवून गेल्यावर पहिले चार दिवस काही जमले नाही. ‘एक, दोन, तीन’ मी मोजत असे, परंतु ‘तीन’ म्हणण्यापूर्वीच माझे हात तिला उचलू लागत. बयाबाई मागून माझ्या मनगटावर चापट मारीत आणि म्हणत, “गुरुजी, भारा देताय का चोरताय?” तुझ्या कुसाआत्या आणि या कधी भेटल्या आहेत काय? पाचव्या दिवशी तुझ्या काकूचे नाक तिच्या बोटांवर आले, आम्ही दोघांनी श्वास सोडला आणि पंचा माझ्या मुठीत सैल पडला. मी घाबरलो. मला वाटले, ती पडली. ती उभी होती.

सुनील धनत्रयोदशीस सकाळी आला. शुश्रूषाकेंद्राचा अर्ज त्याच्या बॅगेत होता. आईला गॅलरीत जायचे आहे हे पाहून तो लगबगीने पुढे आला, समोर उभा राहिला आणि त्याने तिच्या काखांत हात घातले. अगदी माझ्यासारखे; डोळेही मिटलेले. कुणी शिकवल्यावाचून मुले काय काय शिकतात!

“सुनील, हात काढ,” ती म्हणाली.

“आई, मी आहे ना. तू काही करू नकोस.”

“ते मी पुष्कळ दिवस केले. हात काढ, मला उठू दे.”

तो बाजूला झाला. ती कडेवर सरकली. मी तिच्या डाव्या बाजूला गेलो, गुडघे वाकवले, पंचा धरला. बयाबाई दारात उभ्या होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. “चल गं म्हातारे,” एवढेच म्हणाल्या. एक, दोन, तीन. ती उठली. गॅलरीपर्यंतची नऊ पावले तिने चौपायी काठी आणि माझा हात यांवर टाकली. खुर्चीत बसून तिने चिमण्यांकडे पाहिले आणि सुनीलला सांगितले, “धूर सिन्नरकडे चाललाय, वारा उत्तरेचा आहे. थंडी पडेल.” तो गॅलरीच्या कठड्याला धरून, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ धूर पाहत राहिला.

अर्ज त्याने भाऊबीजेला परत बॅगेत ठेवला. फाडला नाही; तो सावध मुलगा आहे. एप्रिलमध्ये पुन्हा पाहू, म्हणाला. जूनपासून काय चालले होते ते मी त्याला सगळे सांगितले आहे. तो रागावला, आणि ते योग्यच होते. जाण्यापूर्वी मात्र त्याने मला चटई अंथरावयास लावली. संगणकापुढे बसून त्याचीही कंबर धरते, हे त्याने दोन वर्षे आमच्यापासून लपवले होते. मी त्याला ओच्याचा श्वास शिकवला. आठच वेळा.

माझी कंबर संपूर्ण बरी झाली, असे लिहिणे असत्य ठरेल. गेल्या बुधवारी दिवसभर दुखली. तथापि हे पत्र मी बसून लिहीत आहे, आणि टेबल न धरता उठणार आहे.

दिवाळीचा फराळ वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. चकल्या बयाबाईंच्या आहेत. कुसाबाईंना त्यांतील निम्म्या द्याव्यात आणि सांगावे, की मास्तराने भारा एकट्याने उचलणे सोडले.

तुझी काकू कागद मागते आहे. अडकित्ता ठेवू काय विचारले, तर म्हणाली, “तुम्ही धरा.” धरला आहे.

तुझा,
दे. शं. आहेर

ता. क. योगिनी, आकडे हे मोजतात. उठते मी. — काकू